पेडणेकरकाका आणि बंद घरं

सूरचा उन्हाळा ज्याने काढला नाही त्याने माझ्याशी उन्हाळ्याच्या गप्पा मारू नयेत. नागपूरवाले मारतात. मी त्यांना बोलू देते आणि शेवटी एवढंच म्हणते, तुमच्याकडे सावली तरी उपयोगाची असते हो. सूरला सावलीतही सुटका नाही. मस्कतहून किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेला दोन तास गाडी हाकली की ओमानमधलं हे गाव लागतं. कागदोपत्री शहर, पण गावच. एक खाडी, खाडीवर पूल, पलीकडे पांढरी घरं आणि दीपस्तंभ, अलीकडे लाकडी गलबतं बांधायची जुनी जागा, मासळीबाजार. गावाबाहेर खताचे आणि गॅसचे प्लांट, ज्यांच्यावर आमच्यासारख्यांची पोटं चालायची. मे लागला की आतल्या वाळवंटाकडून भट्टीसारखा वारा सुटतो. तो पडला की समुद्राकडून दमट हवा येते, आणि मग वाटतं की तो वाराच बरा होता. दाराबाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरते. गाडीचं स्टिअरिंग फडक्याने धरावं लागतं. दुपारी रस्त्यावर मांजर दिसत नाही.

अशाच एका मे महिन्यात आम्ही सूरला राहायला गेलो. २०१२ साल असावं. माझे यजमान प्लांटमध्ये लागले होते, मला तिथल्या इंडियन स्कूलमध्ये हिंदी शिकवायचं काम मिळालं होतं, मुलगी तिसरीत. पहिल्याच सकाळी मी न्हाणीघरात गार पाण्याचा नळ सोडला आणि हात भाजून ओरडले. ओरडणं जिन्यात ऐकू गेलं असणार. दारावर टकटक झाली. बाहेर एक उंच, वाळकासा माणूस, मानेवर ओला नॅपकिन, पायात रबरी चपला.

"मी पेडणेकर. समोरच्या दारातला. गीझर बंद करा आणि गरम पाण्याचा नळ सोडा."

"अहो, गार पाणी पाहिजे मला."

"तेच सांगतोय. गार नळाचं पाणी गच्चीवरच्या टाकीतून येतं, ते उकळतंय. गीझरमधलं घरात आहे, ते निवलंय. आता सप्टेंबरपर्यंत उलटं वापरायचं सगळं."

एवढं बोलून ते गेले. मी सांगलीची. सकाळी सकाळी परका माणूस दारात येऊन गरम नळाला गार पाणी येतं म्हणतो, म्हटल्यावर याचं डोकं ठिकाणावर नाही असंच मला वाटलं. पण नळ सोडला आणि खरंच गार पाणी आलं.

हे पेडणेकरकाका. मूळचे वेंगुर्ल्याकडचे, प्लांटच्या स्टोअरमध्ये सुपरवायझर, सूरमध्ये वीसेक वर्षं मुरलेले. आमच्याशी पुस्तकी मराठी बोलायचे, बायकोशी मालवणी, आणि कॉर्निशवर, म्हणजे समुद्राकाठच्या रस्त्यावर, बसलेल्या म्हाताऱ्या ओमानी खलाशांशी अशी काही अरबी-हिंदीची खिचडी की ऐकणाऱ्याने कपाळाला हात लावावा. त्या म्हाताऱ्यांनी तरुणपणी गलबतं घेऊन मुंबईच्या नि मलबारच्या फेऱ्या मारल्या होत्या. त्यांच्यात काका जाऊन बसायचे आणि वाऱ्यावर तासभर बोलायचे. भेटल्यावर "काय, कसं काय" विचारायची रीत त्यांच्याकडे नव्हतीच. "आज वारा फिरलाय, कपडे आत घ्या." "आज दमट आहे, पापड बाहेर ठेवू नका." माणूस कसा आहे ते त्याच्या तोंडावर दिसतंच, हवा कशी होणार ते सांगावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. माझी मुलगी त्यांना 'वेदर अंकल' म्हणायची. त्यांना ते आवडायचं.

काकूंबद्दल मात्र बिल्डिंगमध्ये चांगलं मत नव्हतं. शालिनीकाकू दिसायला देखण्या, नेसणं नीटनेटकं, पण कोणाकडे येणं नाही, जाणं नाही. हळदीकुंकवाला बोलावलं तर काका निरोप आणायचे, तिला बरं नाही. जिन्यात दिसल्या तर हसायच्या, "बऱ्या मां?" म्हणायच्या आणि काका लगेच त्यांना आत न्यायचे. "शिष्ट आहे," असं देशमुखबाईंनी जाहीर करून टाकलं होतं. देशमुखबाई वरच्या मजल्यावरच्या, आमच्या मराठी मंडळाच्या सर्वेसर्वा. त्यांनी एकदा जाहीर केलं की विषय खलास.

तर उन्हाळा. गल्फमधल्या मराठी घरांचा जूनमधला एक ठरलेला तमाशा असतो. शाळेला सुट्टी लागते आणि जो तो भारतात पळतो. घराघरांत बॅगा न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर चढतात, खजुराचे डबे काढून बदाम भरले जातात, बदाम काढून पुन्हा खजूर. आधी बायका-मुलं जातात, मागून नवरे रजा टाकतात. जुलैत अख्ख्या बिल्डिंगमध्ये शुकशुकाट. आणि बंद घर नुसतं बंद ठेवून चालत नाही. दोन आठवडे एसी लावला नाही तर भिंतींवर बुरशी चढते, कपाटातल्या चामड्याच्या चपला हिरव्या होतात, देवघरातली लाकडी चौकट फुगते. म्हणून कोणीतरी मागे राहणारा लागतो. आमच्याकडे तो पेडणेकरकाका. ते कधीच उन्हाळ्यात जायचे नाहीत. सगळे आपापल्या घराची किल्ली त्यांच्या हातात ठेवायचे आणि निर्धास्त विमानात बसायचे. काका एकेक घर उघडून तासभर एसी लावायचे, नळ वाहते करायचे, तुळशी बाल्कनीतून उचलून बेसिनजवळ आणून ठेवायचे. त्या उन्हात तुळस जगवणं ही काही साधी गोष्ट नाही. आमची ऑगस्टमध्ये जशी होती तशी मिळायची.

आमच्या दुसऱ्या उन्हाळ्यानंतर मात्र कुजबुज सुरू झाली.

देशमुखबाईंच्या लक्षात आलं की साखरेचा डबा अर्धा झालाय. दुसऱ्या एका घरी कपबश्या धुऊन पालथ्या घातलेल्या, आणि त्या बाईंना पक्कं आठवत होतं की त्या कपाटात ठेवून गेल्या होत्या. एका घरी सोफ्यावरच्या उशीच्या अभ्र्याची उसवलेली शिवण कोणीतरी बारीक टाके घालून शिवून ठेवलेली. आमच्या घरी उंबऱ्याच्या आत, अगदी लहानशी रांगोळी होती, तांदळाच्या पिठाची. मला ती आवडली होती. काकांनी आमच्या स्वागतासाठी कोणाकडून काढून घेतली असेल असं मला वाटलं. पण सगळ्यांनी एकत्र बसून ताळा जुळवला तेव्हा चित्र निराळंच झालं. काका आपल्या घरचा एसी बंद ठेवून आमच्या घरांत येऊन बसतात. नुसते बसत नाहीत, चहा करून पितात. कोणाला तरी बोलावतात. बाई आहे त्यात, शिवणकाम करणारी बाई. व्हॉट्सॲपचा ग्रुप नवा नवा होता, त्याला असं खाद्य मिळालं की विचारूच नका.

देशमुखांकडे दीड दिवसाचा गणपती असायचा. आरती झाली, प्रसाद वाटला, आणि भरल्या घरात देशमुखबाईंनी विषय काढला.

"काका, किल्ल्या विश्वासाने देतो आम्ही. घरात कोण येतं-जातं आमच्यामागे?"

काका खोबऱ्याचा तुकडा हातात धरून उभे होते. पुरुष पंख्याकडे बघायला लागले.

"साखरेचं काही नाही हो. साखर घ्या, किलोभर घ्या. पण परकी माणसं आमच्या घरात? कपाटं उघडी असतात आमची."

मला वाटलं काका चिडतील. निदान कोण होतं ते सांगतील. ते म्हणाले, "चुकलं माझं. पुन्हा होणार नाही." मग तो खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला, देवाला नमस्कार केला आणि खाली गेले.

सफाई दिली नाही म्हणजे खरंच असणार, असा सगळ्यांनी अर्थ लावला. पुढच्या जूनमध्ये कोणीही त्यांना किल्ली दिली नाही. एका मल्याळी इलेक्ट्रिशियनला ते काम सोपवलं गेलं.

त्या उन्हाळ्यात मला जाता आलं नाही. मे अखेरीस माझी पाठ अशी धरली की डॉक्टरांनी प्रवास बंद केला. मुलगी आजीकडे गेली, हे प्लांटवर, आणि मी घरात कमरेला पट्टा बांधून एकटी. बिल्डिंग एवढी शांत की खालच्या पाण्याच्या पंपाचा आवाज वर यायचा. त्या आठवड्यात ट्रान्सफॉर्मरची काहीतरी भानगड चालली होती, वीज जायची आणि यायची. वीज गेली की घर असं तापायचं की पंधरा मिनिटांत जीव कासावीस. मी टॉवेल भिजवून अंगावर घेऊन पडायची.

एका दुपारी अशीच पडलेली असताना वरच्या मजल्यावर कोणीतरी दार बडवायला लागलं. एक दार, मग दुसरं, मग तिसरं. बरोबर बाईचा आवाज. "गो सुलूऽ, दार उघड गो. सुलू, अगो आसस मां घरात?" मी भिंत धरत धरत उठले, दार उघडेपर्यंत आवाज खाली उतरून बिल्डिंगच्या बाहेर गेला होता. गॅलरीतून पाहिलं तर शालिनीकाकू. रस्त्यावर, भर दुपारच्या उन्हात, अनवाणी. ज्या वेळी मजुरांनाही बाहेर काम करायला सरकारची बंदी असते त्या वेळी. समोरच्या बंद दुकानाचं शटर वाजवत होत्या आणि एक पाय उचलून दुसऱ्यावर, दुसरा उचलून पहिल्यावर असं करत होत्या.

पाठ वगैरे सगळं विसरून मी खाली गेले. हाताला धरून त्यांना वर आणलं. त्या निमूट आल्या. तळपायांना फोड आले होते. मी टबात पाणी घेतलं, त्यांचे पाय त्यात ठेवले, आणि काकांना फोन लावला. पाय पाण्यात असतानासुद्धा त्या माझ्याकडे बघून हसत होत्या, म्हणत होत्या, "सुलू घराकडे नाय वाटता. उद्या येतंय मी." सुलू कोण ते मला ठाऊक नव्हतं. आमच्या बिल्डिंगमध्ये त्या नावाचं कोणी नव्हतं.

काका ड्यूटीच्या कपड्यांतच आले. हेल्मेटसुद्धा काढलं नव्हतं. त्यांनी पाय पाहिले आणि तिथेच जमिनीवर बसले.

"रोज बाहेरून कुलूप लावून जातो मी," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता, टबातलं पाणी ओंजळीने काकूंच्या पायांवर सोडत. "आज सकाळपासून वीज खेळ करतेय. कुलूप लावलं आणि वीज गेली तर आत भाजून निघेल ती. दार उघडायचं तिला सुचणार नाही, फोन करायचा सुचणार नाही. म्हणून आज कुलूप नाही लावलं."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. काकूंचं विसरणं सुरू होऊन तीनेक वर्षं झाली होती. आधी आमटीत मीठ दोनदा पडायचं. मग गॅस चालू राहायला लागला. मग एक दिवस काकूंनी संध्याकाळी पदर खोचला आणि म्हणाल्या, "माका घराक जावचा आसा." हेच घर आहे म्हटलं की रडायच्या. दार अडवलं की मारायला उठायच्या. काकांनी एकदा कंटाळून म्हटलं, चल, जाऊया घरी. कॉर्निशवर नेऊन एक फेरी मारली आणि परत आणलं. काकू आत आल्या, खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "इलंव एकदाचे." आलो एकदाचे. त्या दिवशी नीट जेवल्यासुद्धा.

"तेव्हापासून रोज संध्याकाळी हे करायचं. घरातून बाहेर काढायचं, कुठेतरी थोडा वेळ थांबायचं, आणि चल गो घराक म्हणून परत आणायचं. थंडीत ठीक आहे, समुद्रावर जातो. उन्हाळ्यात कुठे नेऊ? संध्याकाळी सातलासुद्धा बाहेर हिला श्वास घेता येत नाही. तुमची घरं होती."

मला समजत होतं ते काय सांगतायत, तरी ते पुढे सांगत राहिले.

"वेंगुर्ल्याला ही रोज संध्याकाळी शेजारणीकडे जायची बसायला. सुलू तिची मैत्रीण. आज या घरी, उद्या त्या घरी नेलं की हिला वाटायचं सुलूकडे आलो. चहा करायची. मी नको म्हणायचो, पण केल्याशिवाय उठायची नाही. कुठे काही उसवलेलं दिसलं की शिवायची. मग मी म्हणायचो, उशीर झाला, घरी जाऊ. की लगेच उठायची."

मला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला. काकांचाच. "अहो, मग सांगायचं ना! गणपतीत एवढ्या लोकांसमोर तुम्ही नाही नाही ते ऐकून घेतलं. एक शब्द सांगितला असता तर सगळ्यांनी आपणहून किल्ल्या आणून दिल्या असत्या."

"दिल्या असत्या. आणि दुसऱ्या दिवशी काय म्हटलं असतं? गावी नेऊन ठेवा. भाऊ तेच म्हणतो. वहिनी बघेल म्हणतो, तू नोकरी पुरी कर. बघेलही ती, वाईट नाही बाई. पण रात्री जाग आली की ही मला हाक मारते. सगळं विसरली, माझं नाव अजून येतं तिला. मी नसलो समोर तर तेही किती दिवस टिकेल?"

काकू आपला विषय निघालाय हे समजल्यासारख्या आमच्याकडे बघत होत्या. त्यांनी काकांच्या डोक्यावरचं हेल्मेट काढलं आणि आपल्या मांडीवर ठेवलं.

"कोणाला सांगू नका," काका म्हणाले. मी हो म्हटलं.

पुढचा महिनाभर ती दोघं रोज संध्याकाळी माझ्याकडे यायची. दोन दारांमध्ये जिन्याची सहा-सात फुटांची जागा, तेवढाच त्यांचा प्रवास. काका बेल वाजवायचे, मी "या या" म्हणायची, काकू सरळ स्वयंपाकघरात. मी कमरेवर हात ठेवून बघत उभी राहायची. चहा कधी फक्कड व्हायचा, कधी त्यात हळद पडलेली असायची. दोन्ही आम्ही प्यायचो. काका उठून म्हणायचे, "चल गो, उशीर झालो," आणि काकू समोरच्या दारात पोचून हुश्श करायच्या. एक दिवस त्या मला म्हणाल्या, "सुलू, तू बारीक झालंस गो." पाठीच्या दुखण्याने मी खरंच बारीक झाले होते. बिल्डिंगमध्ये दुसऱ्या कोणाच्या ते लक्षात आलं नव्हतं.

पण संध्याकाळ सुटली तरी दुपारचा प्रश्न सुटत नव्हता. मी मधूनमधून जाऊन बसायची, पण माझी पाठ आणि पुढे शाळा. एक बाई ठेवून पाहिली, काकूंनी तिला चोर म्हणून हाकलून दिलं. "कुलूप लावता येत नाही आणि उघडं ठेवता येत नाही," काका एकदा म्हणाले, आणि मला तेव्हाच कळलं की ते आता फार दिवस राहणार नाहीत. निवृत्तीला दोन वर्षं होती. प्लांटमधले लोक म्हणाले, वेडेपणा करू नका, बायकोला पाठवा आणि दोन वर्षं काढा. माझे यजमानही तेच म्हणाले. काकांनी ऑगस्टमध्ये राजीनामा दिला.

तोवर मंडळी परतली होती. एवढी वर्षं मुरलेला माणूस अचानक का चाललाय म्हणून चर्चा सुरू झाली, आणि चर्चा पुन्हा त्याच चहा-साखरेवर जाऊन टेकली. तेव्हा मी कबूल केलेलं मोडलं. देशमुखबाईंना घरी बोलावून सगळं सांगितलं. त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. बाईंनी ऐकून घेतलं. एक शब्द बोलल्या नाहीत, आणि देशमुखबाई एक शब्द बोलत नाहीत हे मी पहिल्यांदाच बघत होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या स्वतः काकांच्या दारात उभ्या. त्यांच्या नेहमीच्या चढ्या आवाजात, सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "काका, ही किल्ली ठेवा. आम्ही रोज सहा ते सात बाहेर असतो. साखर वरच्या फळीवर आहे." आणि जाईपर्यंत खरोखर रोज सहाला त्या नवऱ्याला घेऊन कुठेतरी जायच्या. एकदा मला त्या कोल्ड स्टोअरच्या, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या, दारात, एका टूथपेस्टचं पाकीट मागूनपुढून वाचत, घामाने भिजून उभ्या असलेल्या दिसल्या.

सप्टेंबरमध्ये ते निघाले. वारा फिरला होता. पहाटे चष्म्यावर वाफ यायची थांबली होती. मस्कतच्या विमानतळावर न्यायला टॅक्सी आली होती. सगळी बिल्डिंग खाली उतरलेली. पुरुषांनी बॅगा चढवल्या. देशमुखबाईंनी काकूंना कुंकू लावलं, ओटी भरली आणि घाईघाईने मागे जाऊन उभ्या राहिल्या.

काकू छान नेसल्या होत्या. टॅक्सीच्या मागच्या सीटवर त्यांना बसवलं तशी त्यांनी माझा हात धरून मला जवळ ओढलं. पलीकडच्या दाराशी काका ड्रायव्हरला रस्ता समजावत होते. काकूंनी त्यांच्याकडे बोट केलं.

"चांगले आसत हे," त्या हळूच म्हणाल्या. "कोण खंयचे कोण, माका घराक पोचवूक निघालेत."

मी काकांकडे पाहिलं. त्यांनी ऐकलं होतं. कधीपासून असं चाललं होतं, त्या सकाळीच पहिल्यांदा की आधीपासून, ते मी विचारलं नाही. त्यांचा चेहरा मला वाचता आला नाही. दार उघडून ते काकूंच्या शेजारी बसले, मानेवरचा ओला नॅपकिन काढून त्यांच्या हातात दिला.

काकूंनी तो घेतला आणि जरा सरकून त्यांना जागा केली. "ऊन चढूच्या आधी परत फिरा हां तुमी," त्या म्हणाल्या. "घरातली माणसां वाट बघत आसतली."

"माझी वाट बघणारा थंय कोण नाय," काका म्हणाले. "मी तुमच्याबरोबरच ऱ्हवतलंय."

काकूंनी थोडा विचार केला. "ऱ्हवा," त्या म्हणाल्या. "जागा आसा आमच्याकडे." मग टॅक्सी निघाली.